जुन्नरला एक मुक्काम कराच, आणि सोबत गावातला वाटाड्या घ्या

कुकडीकाठ

परवा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझं जुन्नर बघून आले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, सगळं एका दिवसात उरकलं, रात्री नऊला घरी." ती इतकी खुशीत होती की मी काही बोलले नाही. पण "उरकलं" हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून इथे हा चर्चेचा धागा काढतेय.

माझं माहेर जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पूर गावापासून जवळ. पूरला कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथंच कुकडी नदी उगम पावते. शिक्षणासाठी पुण्याला आले आणि इथलीच झाले. पण सुट्टीत माहेरी गेले की शिवनेरीच्या पायथ्याशी दरवेळी तेच बघते. बस थांबते, माणसं उतरतात, धापा टाकत जन्मस्थानापर्यंत जातात, नमस्कार करतात, फोटो काढतात आणि धावत खाली येतात, कारण पुढे लेण्याद्री आणि ओझर व्हायचं असतं. वाटेतले सात दरवाजे, दरवाजांवर कोरलेले शरभ नावाचे काल्पनिक प्राणी, धान्य साठवायचा अंबरखाना, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, यांच्यापाशी कुणी थबकत नाही. गडाच्या पोटात किती लेणी आहेत हे तर कित्येकांना परत गेल्यावरही माहीत नसतं.

२०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी, आणि त्या अकरांत आपला शिवनेरी. अभिमान वाटतोच. गर्दीही वाढते आहे. पण गाड्या आल्या तशा निघून जातात. तालुक्यात काय उरतं? ताकाचे, काकडीचे, पार्किंगचे पैसे. आमच्या पश्चिम पट्ट्यातली पोरं चाकणच्या कंपन्यांत कामाला जातात. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, बाकीचे महिने हाताला काम शोधायचं. या पोरांना इथली प्रत्येक घळ, प्रत्येक पाण्याचं टाकं पाठ आहे. पाहुणा एक रात्र राहिला आणि दिवसभर यांच्यातला एक जण सोबत घेतला, तर गावातल्या एका घरात थेट पैसे जातात. आणि पाहुण्यालाही जे मिळतं ते बसवाल्या सहलीत कधीच मिळणार नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जणी दोन मुक्कामांसाठी गेलो होतो. पुण्याहून नारायणगावमार्गे जेमतेम ९५ किलोमीटर. पहिल्या दिवशी फक्त शिवनेरी आणि जुन्नर गाव. दुसऱ्या दिवशी नाणेघाट आणि परतताना कुकडेश्वर. तिसऱ्या सकाळी लेण्याद्री, तेही सात वाजता, गर्दी व्हायच्या आत. नाणेघाटाजवळच्या घाटघर गावचा एक तरुण वाटाड्या म्हणून दुसरा अख्खा दिवस आमच्याबरोबर होता.

नाणेघाटाच्या गुहेत तो आम्हाला घेऊन गेला. भिंतीवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत, पण दिवसाउजेडी नुसत्या ओरखड्यांसारख्या दिसतात. त्याने फोनचा टॉर्च लावला आणि भिंतीवर सरळ न मारता भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. अक्षरांच्या खाचांत सावली भरली आणि बघता बघता ओळ उठून आली. आमच्यातली एक तर मागेच सरकली. सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या काळात झालेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळ्याचा हिशेब त्या भिंतींवर आहे. दोन हजार वर्षांहून जुना. त्यातले आकडे म्हणजे आपल्याकडच्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या कधीच फुटून गेल्या. कुठेकुठे पायांच्या खुणा उरल्यात आणि वर नावं: सिमुक, नागनिका, सातकर्णी, एक महारठी, राजकुमार.

त्या पोराने शेवटी एवढंच सांगितलं, "ताई, हात नका लावू अक्षरांना. घामानं झिजतात."

आधी किती जण नाणेघाटाला जाऊन आलेत या धाग्यावर? आणि किती जणांनी ती भिंत अशी बघितली?

घाटवाट

मी वीसेक वेळा गेलोय. भिंत अशी एकदाही बघितली नाही. पुढच्या वेळी टॉर्च आडवा धरणार.

पावसाळ्यात मात्र शनिवार-रविवारी नाणेघाट टाळाच. खालून येणाऱ्या वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं ते बघायला एवढी झुंबड असते की घाटघरच्या पुढे गाडी सरकत नाही. कड्याच्या टोकाला शेवाळ असतं आणि लोक सेल्फीसाठी अगदी कडेला जातात. गुरुवारी किंवा शुक्रवारी जा, शांत असतं. गुहेत तर पावसाळ्यात लोक भिजलेले रेनकोट वाळत घालतात, तेही शिलालेख असलेल्या भिंतीला टेकवून. मी दोघांना उठवलंय.

सांजवेळ

वाचनखूण साठवली.

दोनचाकी

ताई, लेख आवडला, पण वाटाड्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे.

मी पंधरा वर्षं मोटरसायकलवर महाराष्ट्र फिरतोय. बऱ्याच ठिकाणी वाटाडे घेतले. दहातले सात जण एकच कॅसेट लावतात. हे भुयार थेट अमुक गडापर्यंत जातं, हे टाकं अथांग आहे, ही पांडवांनी एका रात्रीत खोदलेली लेणी. मुलं ते खरं मानून शाळेत जाऊन सांगतात. त्यापेक्षा माणसाने घरी वाचून जावं आणि शांतपणे स्वतः बघावं. एका किल्ल्यावर तर माझ्याकडून आधी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट मागितली, आणि दिली नाही तर खाली गाडीची हवा सोडू अशा भाषेत बोलले. जागेचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

स्थानिकांना पैसे मिळावेत हे मान्य. मी गावात जेवतो, गावात राहतो. पण चुकीच्या माहितीसाठी पैसे देणं मला पटत नाही.

कुकडीकाठ

दोनचाकी दादा, तुमचा अनुभव वाईटच होता, आणि "अथांग टाकं" मीही ऐकलंय. पण वाटाडे नकोत हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. चांगला वाटाड्या ओळखायची माझी एक साधी खूण आहे, ती सांगते.

नाणेघाटात वर दगडी रांजण आहे ना, त्याच्यापाशी मी मुद्दाम विचारलं, "हे काय आहे?" आमचा वाटाड्या म्हणाला, "जुनी माणसं सांगतात की घाटातून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात यात टाकायचे. माझ्या आजानं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतो. गुहेतलं जे आहे ते मात्र लिहिलेलं आहे, ते कुणीही वाचून घ्यावं." ऐकलेलं आणि लिहिलेलं याची अशी फोड जो स्वतःहून करतो, त्याच्याबरोबर मी कुठेही जाईन. रांजणाची गोष्टही मला हवीच आहे. फक्त ती गोष्ट आहे हे मला कळायला हवं.

आणि पुस्तकात नसलेलं कितीतरी तो सांगत होता. कोणत्या टाक्यातलं पाणी मे महिन्यातही पिता येतं. बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, कधी झोडतात, कसा वाळवतात, व्यापारी कोणत्या भावाने नेतो. जीवधन किल्ल्याच्या कड्याला लागून उभा असलेला वानरलिंगी सुळका दाखवत त्याने त्यावर घरटी करणारे पक्षी ओळखवून दिले. मी त्याच तालुक्यातली, तरी मला त्यातलं निम्मं नवं होतं.

पैशांचं म्हणाल तर आदल्या दिवशीच फोनवर स्पष्ट बोलून घ्या: किती तास, किती माणसं, जेवण कुणाचं. आम्ही दिवसाचे १५०० ठरवले आणि तेवढेच दिले. निघताना घासाघीस करू नका एवढीच विनंती. हॉटेलात एका चहाला शंभर रुपये देणारी माणसं इथे दोनशे रुपयांसाठी अडून बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फार वाईट वाटतं.

लेणीवाचक

हा धागा बघून राहवलं नाही. मी लिपीची विद्यार्थिनी आहे, गेली सहा वर्षं सुट्ट्यांमध्ये जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी वाचत फिरते. या तालुक्यात दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा असे डोंगरागणिक गट. एका गावाभोवती इतकी लेणी फार थोड्या ठिकाणी सापडतात. आणि मला सगळ्यांत भावतं ते यातले दानलेख, कारण त्यांत मोठ्या राजांपेक्षा साधी माणसं जास्त भेटतात.

दोन-तीन सांगते.

शिवनेरीच्या डोंगरात इरिल नावाच्या यवनाचा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. त्याने पाण्याची दोन टाकी दान दिली. लेखातले शब्द आहेत "बे पोढियो". पोढी म्हणजे खोदलेलं टाकं. आणि "बे" म्हणजे दोन. आपण लहानपणी "बे एके बे" म्हणत पाढे घोकतो तोच हा "बे". पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तिथेच खाली बसले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाच्या दानलेखात माझा पाढा होता.

दुसरा लेख धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघटनेचा. त्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि कांस्यकाम करणाऱ्यांची श्रेणी येते. या दुसऱ्यांना लेखात "कासाकार" म्हटलंय. आपला "कासार" शब्द याच कुळातला. या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवायचे आणि व्याजातून लेण्यांचा खर्च चालवायचा, अशी पद्धत होती.

मानमोडीच्या डोंगरात अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. शकांचा राजा क्षत्रप नहपान, त्याचा हा मंत्री, वर्ष ४६ अशी नोंद आहे.

आता लेण्याद्रीबद्दल. भाविक जिथे गिरिजात्मजाचं दर्शन घेतात ते लेणं क्रमांक ७. तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. मोठा सभामंडप, मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरातल्या लेण्यात आहे. शेजारीच क्रमांक ६ चं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं आहे. खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह, आत स्तूप. दर्शनाच्या रांगेतून दहा पावलं बाजूला झालं की पोहोचता येतं, पण माणसं जात नाहीत. त्या चैत्यगृहावरच्या लेखात दान देणाऱ्याचं नाव आहे: सुलसदत्त, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याणचं बंदर, तिथून नाणेघाट चढून जुन्नर, पुढे पैठण, असा तो व्यापारी मार्ग. त्या वाटेवरच्या एका कुटुंबाने हे चैत्यगृह दिलं.

एक कळकळीची विनंती. अक्षरं नीट दिसावीत म्हणून लोक त्यांत खडू भरतात, पीठ फासतात. कृपा करून करू नका. आडवा प्रकाश पुरतो. ताईंच्या वाटाड्याला हे कुणी शिकवलं माहीत नाही, पण लिपी वाचणारेही असंच करतात.

तुळजा लेणी कुणीच सांगत नाही म्हणून जाताजाता सांगते. पाडळीजवळ. तिथलं गोल चैत्यगृह बघा. मध्ये स्तूप, भोवती बारा खांबांचं कडं, वर घुमटाकार छत. असं चैत्यगृह तुम्हाला सहजी दुसरं बघायला मिळणार नाही. मी तिथे दोन तास बसले होते, सोबतीला फक्त पाकोळ्या.

कल्याणचा_वाटसरू

लेणीवाचक ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

आम्ही चार पिढ्या कल्याणचे. दरवर्षी माळशेज घाटातून लेण्याद्रीला जातो, आईचा नेम आहे. शेजारच्या लेण्यावर आमच्या गावाचं नाव कोरलेलं आहे हे मला पन्नाशीत कळतंय. एकदाही आत गेलो नाही. देवदर्शन झालं की पायऱ्या उतरायच्या, हाच रिवाज.

आई आता ७८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. दोन वर्षं खालूनच हात जोडतेय. तिला ते नाव दाखवावं असं फार वाटतंय. काही सोय आहे का?

कुकडीकाठ

आहे. लेण्याद्रीच्या पायथ्याला डोलीवाले असतात. खुर्ची बांधलेली डोली, चार जण उचलतात. सकाळी लवकर जा, ऊन नसतं आणि माकडांचा त्रासही कमी असतो. हातात प्रसादाची पिशवी उघडी धरू नका. एक मुक्काम आधी जुन्नरला किंवा आसपासच्या गावात केलात तर आईंना प्रवासाचा शीणही होणार नाही.

रानातली_सुगरण

नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातच शेतावर पाहुण्यांची सोय करते. मालक शेती बघतात, पाहुण्यांचं मी आणि माझी जाऊ बघतो. जाहिरात करायची नाही म्हणून नाव लिहीत नाही. हा धागा माझ्या मुलीने दाखवला.

राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. तुम्ही राहायला याल तिथे नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. विचारलं म्हणून कुणाला राग येऊ नये.

आमच्याकडे आलेला पाहुणा काय करतो ते सांगते. सकाळी गोठ्यात धार काढताना मुलं येतात. आधी घाबरतात, मग गाय चाटायला लागली की हलत नाहीत. हंगाम असेल ते काम असतं, कधी कांद्याची लागण, कधी टोमॅटो तोडणी. तोडलेला माल नारायणगावच्या बाजारात जातो, तिथेही घेऊन जातो. भाव पडलेला असला तर तेही त्यांना दिसतं. एका पाहुण्यांच्या मुलाने मला विचारलं होतं, "काकू, एवढ्या क्रेटचे एवढेच पैसे?" मी म्हटलं, हो बाळा, आज एवढेच.

संध्याकाळी मासवडी. बाहेरच्यांना नावावरून मांसाचा पदार्थ वाटतो. तो पूर्ण शाकाहारी आहे, आमच्या जुन्नर-आंबेगावचा खास. तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण भाजून कुटून सारण करायचं. बेसन शिजवून घट्ट पिठल्यासारखं झालं की ओल्या सुती फडक्यावर थापायचं. गरम असतानाच थापावं लागतं, हात भाजतात, म्हणून शेजारी गार पाण्याची वाटी. वर सारण पसरायचं आणि फडक्याच्या टोकाला धरून गुंडाळी वळायची, मग दोन्ही हातांनी दाबून वर जरा टोकदार, खाली सपाट असा माशासारखा आकार द्यायचा. गार झाली की दोऱ्याने कापते मी, सुरीने कड तुटते. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पाहुण्या बायका फडकं स्वतः वळायला मागतात. पहिली गुंडाळी फुटतेच. दुसरी जमते.

एक दुखणं सांगते. गेल्या वर्षी एका सहल कंपनीने चाळीस माणसांचं जेवण सांगितलं. पहाटे चारपासून आम्ही सहा बायका राबलो. साडेबाराला फोन आला, उशीर झालाय, आम्ही हायवेवरच जेवतो. आगाऊ पैसे घेतले नव्हते. अन्न वाया जाऊ दिलं नाही, वस्तीवर वाटलं. पण ज्या बचत गटातल्या बायका मजुरी बुडवून आल्या होत्या त्यांना मी घरातून पैसे दिले. तेव्हापासून निम्मे आधी घेते. पाहुण्यांनी याला नावं ठेवू नयेत.

आणि रात्री स्पीकर लावू नका. शेजारी ऊस आहे, त्यात बिबट्या असतो. वस्तीवरची माणसं दिवसभर थकलेली असतात.

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पुढच्या हिवाळ्यात दोन मुलांना घेऊन येणार आहोत, १३ आणि १० वर्षांची. दरवेळी मुंबई-पुण्यातले मॉल आणि नातेवाईक एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. हा धागा वाचून जुन्नरला तीन दिवस काढायचे ठरवतोय.

पण काही शंका आहेत. मुलं मराठी समजतात, बोलतात अडखळत. वाटाड्याचं बोलणं त्यांना कळेल का? सुगरण ताईंनी बिबट्याचं लिहिलंय ते वाचून बायको घाबरली आहे. आणि मोठ्या मुलाला अवकाशविज्ञानाचं वेड आहे, इतिहासाचं नाही. तो कंटाळेल का?

घाटवाट

कंटाळणार नाही. खोडदला घेऊन जा.

जुन्नर तालुक्यातच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, कितीतरी किलोमीटर परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. शेतांच्या मधोमध या पांढऱ्या जाळीच्या थाळ्या उभ्या दिसतात, बाजूला कांद्याचं शिवार. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, सर्वांसाठी मोठं प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्यांची रांग लागते. एरवी जायचं तर आधी परवानगीचं बघा. मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांत मोबाइलचा अडथळा होतो.

जवळच बोरी बुद्रुक आहे. तिथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, त्याची राख असल्याचं काही संशोधक सांगतात. एका दिवसात मुलाला आकाशगंगाही दाखवता येईल आणि ही राखही.

एक सावधगिरी: शिवनेरीच्या आणि लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. उग्र सेंट लावू नका, धूर करू नका, दगड मारू नका. मोहोळ उठलं तर आरडाओरडा न करता डोकं झाकून खाली निघा. साखळीच्या वाटेने गड चढायचा मोह आवरा. ती वाट सरावलेल्यांसाठी आहे, तेही सोबत माहीतगार असताना.

रानातली_सुगरण

दूरदेशी दादा, वहिनींना सांगा, घाबरण्यासारखं नाही, पण नियम पाळावे लागतात. दिवस मावळल्यावर मुलांनी उसाच्या कडेला एकटं जायचं नाही. अंगणात दिवा असतो. रात्री बाहेर पडायचं तर दोघांनी, मोठ्याने बोलत, हातात बॅटरी. खाली वाकून बसायचं नाही, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आम्ही यातच वाढलो. माणिकडोहला वन खात्याचं बिबट्यांचं केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नाही. जखमी आणि पकडलेली जनावरं तिथे असतात. "बिबट्या दाखवा" म्हणून पाहुणे हट्ट करतात, तो करू नका.

भाषेचं म्हणाल तर माझ्या मुलीसारखी कॉलेजला जाणारी मुलं आता वाटाड्याचं काम करतात, त्यांना इंग्रजी येतं. पण मी म्हणेन, मराठीतच बोलू द्या. गोठ्यात मुलांना भाषा लवकर येते.

दोनचाकी

कुकडीकाठ ताई, ऐकलेलं आणि लिहिलेलं ही तुमची खूण मी लिहून ठेवली आहे. मागच्या आठवड्यात चावंड किल्ल्यावर गेलो तेव्हा गावातल्या एका काकांना सोबत घेतलं, तिथे हाच प्रश्न विचारून बघितला. काका म्हणाले, "ह्ये आमी ऐकल्यालं हाय, लिव्हल्यालं न्हाय." मी त्यांना ठरल्यापेक्षा जास्त दिले.

तरीही एक काळजी आहेच. जागतिक वारसा म्हटल्यावर गर्दी वाढणार, आणि गर्दीबरोबर सिमेंट, रंगीत दिवे, खाऊच्या टपऱ्या. गडाखालच्या गावाला त्या निर्णयांत कितपत विचारतात? वाटाड्या म्हणून पोरांना काम मिळालं पाहिजेच, पण गडावर काय बांधायचं आणि काय नाही, या बैठकीतही त्यांची खुर्ची हवी. ज्या पोराला कोणतं टाकं मे महिन्यात भरलेलं असतं हे माहीत आहे, त्याला विचारल्याशिवाय पाण्याची पाइपलाइन टाकू नये.

कुकडीकाठ

अगदी बरोबर. यावर वेगळा धागा काढा दादा, मी माहेरच्या ग्रामपंचायतीत काय घडतंय ते लिहीन. इथे एवढंच सांगते की गेल्या ग्रामसभेत नाणेघाटाच्या कचऱ्यावर दोन तास चर्चा झाली आणि सर्वांत जास्त बोलल्या त्या बचत गटाच्या बायका. सोमवारी सकाळी प्लास्टिक वेचायला त्याच जातात.

कल्याणचा_वाटसरू

तीन आठवड्यांनी लिहितोय. आम्ही जाऊन आलो, म्हणजे खरं तर अजून इथेच आहोत.

काल रात्री एका शेतावर मुक्काम केला. आईने भाकऱ्या थापणाऱ्या बाईंशी दोन तास गप्पा मारल्या, दोघींचं माहेर एकाच खोऱ्यातलं निघालं. आज सकाळी सातला लेण्याद्रीच्या पायथ्याशी होतो. डोलीवाल्यांनी आईला इतकं सांभाळून नेलं की तिच्या मांडीवरचा फुलांचा द्रोणसुद्धा कलंडला नाही. दर्शन झालं. मग तिला हाताला धरून शेजारच्या लेण्यात नेलं. सोबत जुन्नरमधली एक मुलगी होती, वाटाड्या म्हणून. तिने टॉर्च आडवा धरला आणि एकेक अक्षरावर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचत गेली. सुलसदत्ताच्या बापाच्या गावाचं नाव आलं तेव्हा आईने तिला थांबवलं. म्हणाली, "परत वाच."

तिने परत वाचलं. आईने चष्मा पुसला, भिंतीच्या जवळ गेली, पण हात लावला नाही. मग मला म्हणाली, "आपल्याकडचा कुठल्या आळीतला असेल रे हा?"

मुलीला ठरलेले पैसे मी दिले. आईने कनवटीची पन्नासची नोट काढून तिच्या हातात वेगळी ठेवली.

आता जुन्नर गावात जेवायला थांबलोय. उद्या पहाटे नाणेघाट. आईला गाडीतून जिथपर्यंत नेता येईल तिथपर्यंत नेणार, सुलसदत्ताचं घराणं ज्या वाटेने वर आलं असेल ती वाट तिला वरून बघायची आहे. घाटघरला दुपारचं जेवण सांगून ठेवलंय, निम्मे पैसे आधीच दिलेत.